सोनारांचे छापील नमुने : यूरोपांतील जुन्या कोरीव ठशांची साक्ष

सोनें अविनाशी आहे असें आपण म्हणतों, परंतु सोन्याचा दागिना अविनाशी नाहीं. किंबहुना धातु टिकाऊ आहे म्हणूनच घडण अल्पायुषी ठरते. जुना दागिना मोडला तर सोन्याचें मोल परत येतें, खडे व मोतीं पुन्हां बसवितां येतात. बुडते ती केवळ घडणावळ. त्यामुळें रूढि पालटली, लग्नकार्य निघालें किंवा युद्धाचा खर्च अंगावर आला, कीं पहिली धाड दागिन्यांवर पडते. यूरोपांत हें वारंवार झालें आहे. इंग्लंडांत इ. स. १६४९ त पहिल्या चार्लस राजाचा वध झाल्यावर तेथील परंपरागत राजचिन्हें मोडून आटविण्यांत आलीं. फ्रान्सांत चौदाव्या लुईनें १६८९ त लढाईच्या खर्चापायीं आपल्या राजवाड्यांतील रुप्याचें सामान टांकसाळींत धाडलें. राजेरजवाड्यांची ही कथा, तर सामान्य सावकाराच्या घरच्या पदकांची व अंगठ्यांची काय वाट लागली असेल तें सांगावयास नकोच. लंडन शहरांतील चीपसाइड पेठेंत १९१२ त जुन्या घराच्या जागीं खणतांना कामकऱ्यांस जडजवाहिराचा मोठा सांठा सांपडला. तो सतराव्या शतकांत पुरला गेला व नेण्यास कोणी परत आलें नाहीं, म्हणूनच वांचला.

सोन्याची ही स्थिति, तर कागदाची तिच्या उलट. सोळाव्या व सतराव्या शतकांत सोनारांच्या उपयोगासाठीं छापलेले दागिन्यांचे नमुने यूरोपांतील संग्रहालयांत आज शेंकड्यांनीं पाहावयास मिळतात. मुशींत जाणाऱ्या दागिन्याहून वाळवीच्या तोंडचा कागद अधिक जगला, ही गोष्ट कागदपत्रांच्या अभ्यासकांस संतोष देणारी आहे खरी. परंतु कागद अस्सल आहे एवढ्यावरून त्याच्या आधारें काढलेलें प्रत्येक अनुमान अस्सल ठरत नाहीं, हें आमच्या वाचकांस मोडी दप्तरांच्या अनुभवावरून ठाऊक आहेच. हे ठसे नेमकी कशाची साक्ष देतात व कशाची देत नाहींत, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. ठशाचा जन्म

प्रथम कृति ध्यानांत घेऊं. ताम्रपट आम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. पण तो वाचण्यासाठीं कोरलेला असतो, छापण्यासाठीं नव्हे. ठशासाठीं तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी कोरणीनें रेघा खोदतात, त्या खांचांत शाई भरून वरचा पृष्ठभाग स्वच्छ पुसतात, आणि ओलसर कागद वर ठेवून तो दोन रुळांमधून दाबून काढतात. खांचेंतील शाई कागद उचलून घेतो. उमटलेली आकृति पत्र्यावरील आकृतीच्या उलट, म्हणजे आरशांतल्यासारखी येते. ही एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे. आपल्याकडे इ. स. १८०५ त मिरजेस तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली; तें कोरीव काम तांबटाच्या हातचें होतें. यूरोपांतही ही विद्या धातुकाम करणाऱ्यांच्या, विशेषतः सोनारांच्या, दुकानांतून निघाली.

तेथील सोनार रुप्याच्या पत्र्यावर नकशी कोरून तिच्या खांचांत रुपें, तांबें, शिसें व गंधक यांचें काळें मिश्रण वितळवून भरीत. इटलींत यास नीएलो म्हणत. मिश्रण एकदां भरलें कीं चूक सुधारतां येत नाहीं. म्हणून आधीं खांचांत काळा रंग भरून कागदावर ठसा घेऊन पाहात. जॉर्जो वासारी यानें कलावंतांच्या चरित्रग्रंथाच्या १५६८ च्या आवृत्तींत असें लिहिलें कीं, मासो फिनिग्वेर्रा नांवाच्या फ्लॉरेन्सच्या सोनारानें १४६० च्या सुमारास याच रीतीनें कोरीव ठशांचा शोध लाविला. पुढें १७९७ त त्सानी नांवाच्या इटालियन पंडितास पॅरिसच्या मोठ्या ग्रंथालयांत एक ठसा मिळाला. तो फ्लॉरेन्समधील एका नीएलोच्या धर्मपट्टिकेशीं जुळला, आणि वासारीचें म्हणणें सिद्ध झालें असा गाजावाजा झाला. परंतु जर्मनींतील एका ठशावर १४४६ हा शक स्पष्ट कोरलेला आढळला, त्यामुळें अग्रपूजेचा मान फिनिग्वेर्राकडे राहिला नाहीं; आणि ती पट्टिका तरी त्याच्याच हातची काय, याविषयींही पुढील अभ्यासकांनीं संशय घेऊन दुसऱ्या सोनाराचें नांव पुढें आणिलें. ग्रंथकाराचें विधान एक, सांपडलेला कागद दुसरा. दोहोंची सांगड मात्र उत्साहानें घातली होती.

शोध कोणाचाही असो, घराणें सोनाराचें होतें यांत वाद नाहीं. कोल्मार येथील मार्टिन शोनगाउअर (मृत्यु १४९१) हा सोनाराचा मुलगा. त्यानें ख्रिस्ती देवळांतील धूपपात्र व धर्माध्यक्षाचा दंड इतक्या बारकाईनें कोरले आहेत कीं, तो कागद समोर ठेवून घडण करतां यावी. बोखोल्टचा इस्राएल फान मेकेनेम (मृत्यु १५०३) स्वतः सोनार होता. न्यूरेंबर्गचा सुप्रसिद्ध आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) यानें पहिले धडे बापाच्या सोनारशाळेंतच घेतले. या लोकांच्या हातीं कोरणी होती ती दागिन्यावर नकशी काढण्याची. तीच तांब्यावर चालली.

२. नमुन्यांचा व्यापार

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत केवळ नकशीसाठीं ठसे काढण्याचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. वेस्टफालियांतील झोस्ट गांवचा हाइन्रिख आल्डेग्रेवर यानें कट्यारींचीं म्यानें, पट्ट्याच्या चापी व वेलबुट्टी यांचे लहान लहान ठसे काढिले. न्यूरेंबर्गचा व्हर्गिल झोलिस (मृत्यु १५६२) यानें पदकें व पात्रें यांचे नमुने मोठ्या संख्येनें प्रसिद्ध केले. त्याच शहरांत कांहीं काळ राहिलेला आंटवर्पचा सोनार एरास्मुस होर्निक यानें १५६२ त लोंबत्या पदकांची मालिका छापिली. तो पुढें दुसऱ्या रूडोल्फ बादशहाच्या पदरीं राहून १५८३ त वारला. लंडनला टॉमस जेमिनस यानें १५४८ त काढलेल्या नमुन्यांच्या पुस्तकाच्या नांवांतच, हे मूरिश व दमास्कसी नमुने सोनारांस व भरतकाम करणाऱ्यांस फार फायद्याचे आहेत, असें म्हटलें आहे. गिऱ्हाईक कोण तें यावरून उघड होतें. मुसलमानी देशांतील कोफ्तगिरीच्या कामावरील वेलबुट्टी इटलीच्या वाटेनें यूरोपांत शिरली व छापखान्यानें ती लंडनपर्यंत पोंचविली, हेंही याच नांवावरून समजतें.

अंगठ्यांविषयीं लॉरेन प्रांताच्या प्येर वॉएरियो याचें पुस्तक प्रमुख आहे. तें १५६१ त लिओं शहरीं निघालें. त्यांत अंगठी नुसती समोरून न दाखवितां तिचें कोंदण, खांदे व कडें एकदम दिसतील अशी ठेविली आहे. नमुन्यांचे हे ठसे वाचण्याची एक रीत आहे. पुष्कळ ठशांत पदकाचा डावा अर्धा भाग एक तऱ्हेचा व उजवा दुसऱ्या तऱ्हेचा असतो. अनभिज्ञ प्रेक्षकास तें काम बिघडलेलें वाटतें. वास्तविक एका पत्र्याच्या खर्चांत दोन नमुने दिले आहेत, सोनारानें हवा तो अर्धा घेऊन दुप्पट करावा. कांहीं ठशांत नकशी पांढरी व भोंवतालची जमीन गर्द काळी असते. तेथें काळा भाग म्हणजे कोरून खोल करावयाची व मीना भरावयाची जागा, पांढरा भाग म्हणजे वर ठेवावयाचें सोनें. सारांश, हीं चित्रें शोभेसाठीं नसून कारागिरास दिलेली सूचना आहेत.

एतिएन दलोन याच्या चरित्रावरून या धंद्याचें स्वरूप आणखी कळतें. तो पॅरिसचा सोनार. १५५२ त तेथील टांकसाळींत शिक्के कोरण्याचें काम त्याजकडे होतें. तो प्रॉटेस्टंट पंथाचा असल्यामुळें १५७२ च्या कत्तलीनंतर त्यास पॅरिस सोडावें लागलें. तो स्ट्रासबुर्ग व पुढें आउग्सबुर्ग येथें गेला, आणि या प्रवासांत त्याची कोरणी चालूच होती. १५७६ त आउग्सबुर्ग येथें त्यानें सोनारशाळेचे दोन ठसे काढिले. खिडकीशीं उजेडांत मांडलेलें कामाचें मेज, भिंतीवर ओळीनें टांगलेलीं हत्यारें, भट्टी, हाताखालचे उमेदवार हें सर्व त्यांत आहे. देशोधडीस लागलेल्या कारागिराबरोबर सोनें जात नाहीं, दुकान जात नाहीं; नमुन्यांची चळत मात्र जाते. पॅरिसची नकशी जर्मनींत कां दिसते, या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां असें असतें.

३. कोलार्टचीं पदकें

या सर्व ठशांत संग्राहकांच्या तोंडीं अधिक असलेलें नांव आंटवर्पच्या हान्स कोलार्टचें. त्याचा मृत्यु १५८० त झाला. दुसऱ्याच वर्षीं फिलिप्स गाले या प्रकाशकानें त्याची कंठभूषणें, पदकें व कर्णभूषणें यांच्या ‘अत्यंत कुशल आकृतीं’ची मालिका लॅटिन मथळ्याखालीं छापिली, आणि १५८२ त तिचा दुसरा भाग काढिला. अर्धें अंग माशाचें असलेले जलचर राक्षस, त्यांवर आरूढ झालेल्या देवता, अंगावर जडविलेले खडे, खालीं लोंबणारीं मोत्यें अशी यांतील प्रसिद्ध पदकांची रचना आहे. समुद्रावरील व्यापारानें श्रीमंत झालेल्या त्या शहरास ही कल्पना शोभणारी होती.

या मालिकांचा परिणाम असा झाला कीं, पुढें ज्या ज्या संग्रहांत जलराक्षसाचें पदक निघालें, त्यास ‘आंटवर्पचें काम’ अशी चिठ्ठी लागूं लागली. चूक येथेंच आहे. छापलेला नमुना एका गांवचा राहात नाहीं. तो छापतात तोच मुळीं गांवाबाहेर जावा म्हणून. शिवाय अशीं पदकें इतरत्रही होत होतीं याला स्वतंत्र लेखी पुरावा आहे. बार्सिलोनाच्या सोनारांच्या श्रेणींत प्रवेश घेणाऱ्या उमेदवारास परीक्षेच्या वेळीं आपल्या दागिन्याची आकृति श्रेणीच्या वहींत काढून द्यावी लागे. सोळाव्या शतकापासूनच्या त्या वह्या उपलब्ध आहेत. त्यांत नांव आहे, तारीख आहे आणि आकृतिही आहे. नमुन्यांच्या ठशांनीं जें सिद्ध होत नाहीं तें या साध्या वह्यांनीं होतें.

४. चार प्रकारचे कागद

आमच्या मतें यूरोपीय अलंकारांसंबंधींचे कागद चार वर्गांत वेगळे केले पाहिजेत. पहिला, अस्तित्वांत असलेल्या दागिन्याची नोंद. बव्हेरियाची डचेस आना हिचे अलंकार हान्स मीलिख या चित्रकारानें १५५२ ते १५५५ या काळांत हुबेहुब रंगवून ठेविले. तें पुस्तक म्यूनिक येथें आहे. त्यांतील बहुतेक दागिने नष्ट झाले, पण ते होते हें निश्चित. दुसरा, विशिष्ट गिऱ्हाइकासाठीं काढलेला खर्डा. हान्स होल्बाइन यानें इंग्लंडांत असतांना केलेले पदकांचे व आद्याक्षरें गुंफलेल्या लोलकांचे खर्डे ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. त्यांपैकीं कोणते घडले हें प्रत्येकाचें स्वतंत्र पाहावें लागतें. तिसरा, वर सांगितलेली श्रेणीची परीक्षावही. आणि चौथा, विकाऊ छापील नमुना. हा चौथा कागद सांगतो तें इतकेंच, कीं अमुक सालीं अमुक आकृति बाजारांत उपलब्ध झाली. ती कोणी घडविली काय, कोठें व केव्हां, याविषयीं तो मौन धरतो. जो कागद मौन आहे त्याच्या तोंडीं आपण शब्द घालूं नयेत.

तथापि एका बाबतींत या चौथ्या कागदाची बरोबरी दुसऱ्या कोणत्याही कागदास नाहीं. एकेक नोंद एकेका दागिन्यापुरती असते. तारखा असलेले ठसे ओळीनें मांडले तर अभिरुचि कसकशी बदलत गेली तें डोळ्यांपुढें उभें राहतें. आउग्सबुर्ग येथें दान्येल मिन्यो यानें १५९३ ते १५९६ च्या सुमारास काढलेल्या पदकांत व तुऱ्यांत देवतांची मूर्ति अजून आहे, पण तिच्या भोंवतीं खड्यांची व सपाट काळ्या वेलबुट्टीची गर्दी झाली आहे. शातोदँ गांवच्या झाँ तूतॅं याच्या १६१८ व १६१९ च्या ठशांत मूर्ति लोपून मटाराच्या शेंगांसारख्या फुगीर पाकळ्यांची नकशी आली. त्यांपैकीं एकांत दागिन्याखालीं भट्टीशीं काम करणारा मीनाकारही दाखविला आहे. नंतर १६६३ त पॅरिसच्या झील लेगारे याचें पुस्तक निघालें. त्यांत गांठीच्या आकाराचीं पदकें व शेजारीं शेजारीं बसविलेले खडे हेंच मुख्य. मीना बहुतेक मागच्या बाजूस गेला. म्हणजे शंभर वर्षांत सोनाराच्या घडणीचें राज्य जाऊन जडियाच्या खड्यांचें राज्य आलें. हा पालट एखाद्या संग्रहालयांतील दहावीस दागिन्यांवरून ठरवितां आला नसता. तो ठशांवरूनच कळतो.

५. नमुना व बनावट

जो नमुना सोनारास उपयोगी, तो बनावट करणारासही तितकाच उपयोगी. एकोणिसाव्या शतकांत यूरोपांतील धनिकांत पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या वस्तूंची आवड अनावर झाली. त्याच काळीं जुन्या ठशांचे संग्रह व त्यांच्या प्रतिकृति सहज मिळूं लागल्या. आखेन येथील राइनहोल्ट फास्टर्स (१८२७–१९०९) हा अत्यंत कुशल सोनार. त्याचे हजारावर खर्डे १९१९ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्यें पडून होते. ते एखाद्या कारागिराचे साधे खर्डे समजले जात. १९७९ त चार्लस ट्रूमन यांनीं त्यांचा अर्थ उकलून दाखविला: ज्या वस्तु निरनिराळ्या संग्रहालयांत सोळाव्या शतकाच्या म्हणून मिरवत होत्या, त्यांपैकीं कित्येकांचे मूळ आराखडे यांतच होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममधील रोस्पिल्योसी पेला, जो एके काळीं चेल्लीनीच्या हातचा मानीत, तोही फास्टर्सकडे गेला. जुन्या ठशाशीं जुळतो म्हणून दागिना जुना, या युक्तिवादाचें वैयर्थ्य याहून स्पष्ट काय दाखवावें? जुळेल असाच तो घडविलेला असतो.

या प्रकरणाचा एक धागा हिंदुस्थानांतही आला आहे. एका मोठ्या बेडौल मोत्याचें धड असलेल्या जलपुरुषाचें पदक लॉर्ड कॅनिंग यांनीं १८५७ च्या उठावानंतर येथें विकत घेतलें. तें १९३१ त वरील लंडनच्या संग्रहालयांत गेलें. इटलीच्या मेदिची घराण्यानें तें मोंगल बादशहास नजर केलें होतें, अशी कथा त्यास चिकटली होती. कोलार्टच्या ठशांत शोभेल असेंच त्याचें रूप आहे. परंतु बारीक तपासणीनंतर अभ्यासकांचा कल तें एकोणिसाव्या शतकांतीलच काम मानण्याकडे झाला आहे. नजराण्याची कथा ऐकावयास गोड होती. तिला आधाराचा कागद नव्हता.

६. ठसा कसा तपासावा

ज्यांच्या हातीं असे ठसे येतात त्यांच्यासाठीं चार गोष्टी येथें नोंदवितों. एक : कडेचा दाब पाहावा. पत्र्याच्या कडेनें कागदावर चौकोनी खोलगट खूण उठते. ती नसेल तर कागद कातरला आहे, अथवा तो दुसऱ्याच रीतीनें काढलेली प्रतिकृति आहे. दोन : उजेडासमोर धरून कागदांतील जलचिन्ह पाहावें. ठशावर कोरलेलें साल पत्र्याचें असतें, छापण्याचें नव्हे. पत्रे प्रकाशकांकडून प्रकाशकांकडे विकले जात व त्यांतून पुढेंही छपाई चाले. झिजलेल्या रेघा आणि बदललेलें प्रकाशकाचें नांव हीं त्याचीं लक्षणें होत. तीन : उजवें-डावें तपासावें. दुसऱ्यानें छापील ठसा पाहून जसाच्या तसा पत्र्यावर उतरविला, तर त्याची नक्कल उलटी छापते. मूर्तीच्या डाव्या हातीं तरवार दिसली कीं थबकावें. चार : लेख उलटा असेल तर तो दोष समजून टाकूं नये. छापण्यासाठीं कोरणारा अक्षरें मुद्दाम उलटीं कोरतो, म्हणून तीं कागदावर सुलट येतात. कागदावर उलटीं आलीं, तर तो पत्रा बहुधा छापण्यासाठीं नसून तोच मूळ दागिना असावा, आणि हातांतील कागद म्हणजे त्या दागिन्याचा सोनारानें घेतलेला ठसा. वर सांगितलेल्या नीएलोच्या ठशांत हें दिसतें. असा कागद नमुन्यांहून कितीतरी पटींनीं मोलाचा.

एक सावधगिरी याहून मोठी आहे. आज स्वच्छ स्थितींत दिसणारे ठसे बव्हंशीं हौशी संग्राहकांच्या बासनांतून आलेले आहेत. जे ठसे सोनाराच्या मेजावर गेले ते हाताळून, भोंकें पाडून, भट्टीच्या धुरानें काळे होऊन संपले. तेव्हां जें विपुल उरलें तेंच विपुल वापरलें गेलें असें समजणें धोक्याचें. कदाचित् उलटही असेल.

७. समारोप

हा विषय आम्हांस दूरचा वाटावा असा आहे, पण त्याचा एक सांधा गोमंतकाशीं जुळतो. फ्रांकफुर्टचे द ब्री हें कोरीव ठशांचें प्रसिद्ध घराणें मूळचें सोनारांचें. बाप टेओडोर व मुलगा योहान टेओडोर या दोघांनींही सोनारांसाठीं नकशीचे ठसे काढिले. लिन्स्खोटेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ गोव्यास होता. त्याचा सचित्र ग्रंथ १५९६ त आम्सटरडॅमला निघाला. तींच चित्रें द ब्री बंधूंनीं १५९८ पासून प्रसिद्ध केलेल्या पूर्वेकडील प्रवासांच्या मालेसाठीं पुन्हां कोरलीं. गोव्याच्या लोकांचा पोशाख व अलंकार यांसाठीं आपण त्या चित्रांचे दाखले देतों. कोरणारांनीं गोवा पाहिला नव्हता. त्यांच्यापुढें होतें तें दुसऱ्याचें छापील चित्र. म्हणून त्यांतील एखाद्या बाहुभूषणावरून निर्णय करण्यापूर्वीं, तो दागिना गोव्यांतील कीं फ्रांकफुर्टच्या सोनारशाळेंतील, हें विचारलेंच पाहिजे.

आपल्या जुन्या जवाहीरखान्यांच्या याद्यांत मोत्यांची संख्या, वजन व किंमत काटेकोर असते, आकार मात्र बहुधा नांवापलीकडे सांगितलेला नसतो. यूरोपांत आकार कागदावर राहिला व दागिना हरपला. आपल्याकडे नांव कागदावर राहिलें, आकार सोनाराच्या ठशांत व साच्यांत राहिला. ते जुने ठसेही धातूचेच. मोडीच्या भावानें आटावयास त्यांना वेळ लागत नाहीं. ज्यांच्या गांवीं जुनीं सोनारांचीं घरें आहेत त्यांनीं अशा ठशांचे कागदावर किंवा लाखेंत उतारे घेऊन, ते कोणाच्या घरचे व त्यांस काय म्हणत हें शेजारीं लिहून ठेवावें. एकेका दागिन्याचें नांव आणि रूप यांची गांठ पडेल ती तेथेंच पडेल.